निळी भिंत कुणाची?

"डॉक्टरबाई, तुम्ही माझ्या डोळ्यात निळी काच बसवलीय. ताबडतोब काढा!"

देसाईसर हे केबिनमध्ये बोलले असते तर ठीक होतं. ते वेटिंगमध्ये बोलले. धारवाडच्या मळमड्डी भागातल्या शाळेत आयुष्यभर हेडमास्तरकी केलेला आवाज. देशपांडे नगरातल्या माझ्या क्लिनिकमध्ये ऑपरेशनसाठी नाव घालायला आलेले दोन पेशंट उठून चपला शोधू लागले.

मी सरांना आत घेतलं. मागोमाग त्यांच्या पत्नी, विमलाक्का.

सरांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मी नुकताच काढला होता; डाव्याचा अजून बाकी होता. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. ते काढून आम्ही कृत्रिम लेन्स बसवतो.

"काय झालं सर?"

"हॉल निळा दिसतोय. ऑपरेशनच्या आधी मी स्वतः उभा राहून पांढरा लावून घेतला. पेंटर पिवळट लावत होता. मी निळा टिंट घालायला लावला. तरी पिवळट. आणखी घातला. शेवटी शुभ्र झाला. गल्लीतले सगळे म्हणाले, सर, फर्स्ट क्लास!"

विमलाक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

मी एक कोरा कागद धरला. "डावा डोळा झाका. कसा दिसतो?"

"पांढरा."

"आता उजवा झाका."

सर कागदाजवळ झुकले. "चहा सांडल्यासारखा दिसतोय."

"लेन्स निळी असती तर उजव्या डोळ्याला कागदही निळा दिसला असता."

मोतीबिंदूत भिंग हळूहळू पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. पेशंटला ते कळत नाही, कारण रंग ठरवतो मेंदू. तो रोजच्या पिवळटपणाची वजाबाकी करून पांढरं ते पांढरंच दाखवत राहतो. बरंच सांभाळून घेतो, सगळं नाही. उरलेल्याचं खापर पेंटरवर फुटतं.

"मग भिंत निळी का दिसते?" सरांनी विचारलं.

"कारण ती निळीच आहे," विमलाक्का म्हणाल्या. "मी तेव्हाच सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुझे डोळे तपासून घे."

"मग तपासले नाहीस ना?"

"तपासले. इथेच. उत्तम आहेत."

"आणि गल्लीतले?"

"अर्धी गल्ली तुमची विद्यार्थी. तुम्हाला चूक कोण सांगणार?"

सर मान खाली घालून बसले. एवढा दरारा असलेला माणूस एकदम म्हातारा दिसला. मला वाईट वाटलं. मग त्यांनी मान वर केली.

"डॉक्टरबाई, दुसऱ्या डोळ्याची तारीख द्या."

हे मात्र ते केबिनमध्ये, अगदी हळू बोलले. वेटिंगमधले दोघे तोवर गेले होते.

दुसरं ऑपरेशन छान झालं. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसायला लागल्यावर सरांनी सगळ्यात आधी पेंटर बसप्पाला बोलावून झापलं, "पांढरा सांगितला होता, निळा लावलास कसा?"

बसप्पाने हॉल पुन्हा रंगवला. मग तो माझ्याकडे आला. "डॉक्टर, सरांचे दोन्ही डोळे झाले ना? तिसरं काही राहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

तेव्हापासून मोतीबिंदूच्या प्रत्येक पेशंटला मी दोन सूचना देते. ऑपरेशननंतर डोळ्याला पाणी लावू नका. आणि ऑपरेशनआधी घराला रंग लावू नका.