नवं लिनक्स आणि आकाशी किनार

सांगायची लाज वाटते, पण हा घोटाळा तुम्ही भवानी पेठेतल्या दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका!

मी चादरींची डिझाईन काढते. पूर्वी चौकटीच्या कागदावर काढायची, आता कंप्युटरवर. क्लास लावला नाही, कुणाच्या विनवण्या केल्या नाहीत. कंप्युटर चालवणारं ते लिनक्स माझं मीच घातलं, माझं मीच बिघडवलं, माझं मीच दुरुस्त केलं. वय एकाहत्तर. हसा की!

मागच्या आठवड्यात त्याची नवी आवृत्ती आली. दुपारीच घालून टाकली. काय रूप आलं म्हणून सांगू! खिडक्यांचे कोपरे गोल, एक उघडली की दुसरी अदबीनं बाजूला. वरच्या कोपऱ्यात बटणांची नवी पेटी! बटण दिसलं आणि मी दाबलं नाही, असं कधी झालंय का? सगळी दाबली. एकानं आवाज गेला, एकानं स्क्रीन काळी झाली, एकानं काहीच झालं नाही. ते तसंच सोडलं.

दिवसा आमच्याकडे ये-जा फार, म्हणून मी कामाला बसते दिवेलागणीनंतर. ज्यांच्या कारखान्यासाठी मी काम करते त्या शेठच्या चादरीची फाईल उघडली, तर पांढरी किनार सायीसारखी पिवळट! आता कुणीही शहाणं माणूस काय समजेल? मी समजले, नवी आवृत्ती हुशार आहे, खरा रंग दाखवते. जुनीनंच मला इतकी वर्षं फसवलं! मग धुतलेल्या धोतराला नीळ देतात तसा पांढऱ्यात थोडा निळा घातला. अजून थोडा. झाली किनार शुभ्र! लगेच फाईल नरसय्याच्या मोबाईलवर पाठवली. नरसय्या म्हणजे शेठचं सूत रंगवणारा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रंगवलेल्या सुताची लड घेऊन दारात.

"आक्का, शेठ पांढरी किनार म्हणले होते. तुमी आकाशी का केली?"

"आकाशी? डोळे तपासून घे!" मी फाईल उघडली. किनार पांढरी. शेजारी त्याची लड धरली. आकाशी!

"मग माज्या मोबाईलात निळी कशी हाय?"

"तुझा मोबाईल तुझ्याइतकाच जुना!"

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली? शेठना फोन करून सांगितलं, नरसय्याची नजर गेली. शेठ त्याला म्हणाले, "आणखी एक चूक झाली, तर रंगाचं काम दुसरीकडे देईन." बिचाऱ्यानं पुन्हा सूत भिजवलं. मोबाईल आकाशी म्हणतोय, आक्का पांढरं म्हणतेय, म्हणून मधला रंग काढून आणला. मी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्क्रीनला लावून तोही परत पाठवला.

चौथ्या दिवशी दुपारी चारलाच आला. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चार मोबाईल पिशवीत घालून! चारहीवर किनार निळी.

"आता दाखवा तुमची पांढरी."

ऐटीत फाईल उघडली. आकाशी! माझ्या स्क्रीनवर! पण हार मानेल ती मी नव्हे.

"थांब, नवं लिनक्स आहे. तापायला वेळ लागतो."

"लई तापट हाय की मग. तुमच्यासारखं."

बसलो. एक चहा झाला, दुसरा झाला. बाहेर उन्हं उतरली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती किनार हळूहळू पांढरी झाली.

"अय्यो! आक्का, दिवस मावळला की ह्यो रंग बदलतो की!"

मी धावले त्या बटणांच्या पेटीकडे. ज्या बटणानं काहीच झालं नव्हतं, ते होतं नाईट लाईट! डोळ्यांना त्रास नको म्हणून सूर्यास्तानंतर स्क्रीन पिवळसर करायची सोय. बंद केलं. किनार पुन्हा आकाशी.

"म्हंजे तुमच्या डोळ्याला आराम," नरसय्यानं निळे झालेले दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले, "आणि हे माजे हात!"

त्याच्यासमोरच शेठना फोन लावला. "चूक माझी. नरसय्याची नजर शाबूत आहे. काम त्याच्याकडून काढू नका." शेठ हसले. काम राहिलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी म्हणाले, "नरसय्या, माफ कर बाबा. रंगातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्यानं मोबाईल पिशवीत भरले. दारातून बाहेरचा अंधार पाहिला.

"आक्का, सकाळी येतो. तवा परत एकदा म्हणा. दिवस मावळल्यावर तुमी बोललेलं मी आता काय बी खरं धरणार न्हाय!"