बायजाने सोडलेलं आंबट

वागळे इस्टेटमध्ये लेथवर उभं आयुष्य काढून आनंदा रिटायर झाला आणि घरी बसला. घरी म्हणजे कुठे, तर बायकोच्या स्वयंपाकघरात. डाळीत मीठ किती, गॅस बारीक की मोठा, कोथिंबीर आधी धुवायची की आधी निवडायची, सगळ्यात याचं नाक. बायजा म्हणायची, "अहो, हे कंपनीतलं मशीन नाही, कढई आहे." तो हं म्हणायचा आणि पुन्हा झाकण उचलून बघायचा. माणूस वाईट नव्हता हो. हट्टी मात्र असा, की सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

हा पीळ नडला तो त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, योगिनीला. दोन वर्षांपूर्वी तिने मितेशशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला, कमावता, त्याच्याबद्दल आनंदाचं काही म्हणणं नव्हतं. पण लेकीने आपल्याला सांगितलं नाही आणि बातमी आपल्याला कोलशेतच्या नाक्यावर चहा पिताना तिसऱ्याच्या तोंडून कळली, हे त्याच्या काळजाला लागलं. तिने या घरात पाऊल ठेवायचं नाही, असं त्याने सांगून टाकलं. योगिनी तिकडे विठ्ठलवाडीला संसार करत होती. मायलेकी फोनवर बोलायच्या, हा घरात असला की बायजा फोन घेऊन गॅलरीत जायची. त्याला ते कळायचं, पण तो पेपरातून मान वर काढायचा नाही.

यंदा बायजाची तब्येत उतरली. जिना चढताना दम लागायचा, पायावर कुठे आपटलं की काळंनिळं व्हायचं ते जायचं नाव नाही. एकदा दात घासताना तिने थुंकलेला फेस आनंदाला लाल दिसला. त्याच दिवशी तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त तपासायला पाठवलं आणि मग विचारलं, "काकू, जेवता काय रोज?"

"वरणभात, भाकरी, चहा."

"लिंबू, टोमॅटो, आवळा, संत्रं?"

"आंबटाने मला पित्त होतं," बायजा म्हणाली.

"अहो, व्हिटॅमिन सी नावालासुद्धा नाही मग अंगात. हिरड्या त्यानेच सुजल्यात." त्यांनी चघळायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि काकांना बजावलं, की काकूंच्या खाण्याकडे तुम्ही लक्ष द्या.

आनंदाला हेच पाहिजे होतं. भाजीवाल्या कांताकडून त्याने लिंबं, आवळे, टोमॅटो पिशवी भरून आणले. बायजाने सगळं फ्रिजमध्ये नीट लावलं आणि तोंडाला काही लावलं नाही. गोळ्या कपाटात तशाच. "आंबट आहेत हो त्या," एवढंच म्हणाली. शेवटी याने शक्कल काढली. ती अंघोळीला गेली तेव्हा उकळत्या वरणात दोन लिंबं पिळून मोकळा झाला.

पहिल्याच घासाला बायजा थांबली. घास तिने हातात काढून ताटाच्या कडेला ठेवला, उठून चूळ भरली आणि परत येऊन बसली. रागावली नाही.

"पित्त वगैरे काही नाही मला," ती म्हणाली. "आंबट सोडलंय मी. योगिनी या घरात माझ्याशेजारी बसून जेवेल, त्या दिवशी धरीन."

आनंदाच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. गेली दोन वर्षं लिंबाचं लोणचं घालताना ही दर वेळी फोड त्याच्यापुढे धरायची, "तुम्ही चव बघा हो." त्याला वाटायचं, बायको आपल्याला मान देतेय. सगळ्या भांड्यांत डोकावणाऱ्या या शहाण्याला शेजारचं ताट काही दिसलं नव्हतं.

आता खरं तर याने तसंच उठून विठ्ठलवाडी गाठायला हवी होती. पण नाही. हा गेला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे, वरणातल्या लिंबाचं सांगितलं, आणि विचारलं काय, तर आंबट नसलेलं व्हिटॅमिन सी कशात मिळेल. त्या हसल्या. म्हणाल्या, "उकळत्या वरणात पिळून तसाही फारसा उपयोग नव्हता, काका. पेरू द्या. पिकलेला गोड पेरू लिंबाला मागे टाकतो. पपई द्या, कच्च्या कोबीची पचडी, ढोबळी मिरची, वरून ताजी कोथिंबीर. आणि गोळी चघळायची नसली तर गिळायची मिळते."

झालं. पेरूने खोकला होतो म्हणून बायजा तो कधी खायची नाही, पण पेरू काही आंबट नव्हता, त्यामुळे तिला नाही म्हणता येईना. आनंदा रोज पेरू कापायचा, बिया काढायचा, मीठ लावून समोर बसायचा. हळूहळू फेस पांढरा झाला, पायावरचे डाग गेले. त्याचा आनंद गगनात मावेना.

"बघ," तो म्हणाला, "नवसही राहिला आणि तब्येतही सुधारली."

बायजाने पेरूची फोड खाल्ली. "हो ना," ती म्हणाली. "आता कितीही वर्षं काढीन मी अशी."

तिने टोमणा मारला नव्हता, म्हणूनच ते त्याला सोसवेना. बायकोचं दुखणं बरं करायला आपण सगळा बाजार धुंडाळला, आणि कशासाठी, तर लेकीच्या दारात जावं लागू नये म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

रविवारी पेरूंची पिशवी घेऊन तो विठ्ठलवाडीला गेला. दार उघडल्या उघडल्या योगिनीचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, आईला काय झालं?"

"काही नाही. बरी आहे ती." पुढे काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरला. "जेवायला चल. मितेशलाही घे. माझं चुकलं, योगिनी."

दुपारी पानं मांडली. योगिनी आईला चिकटून बसली आणि तिने पहिला घास घेतला. आनंदाने लिंबाची फोड उचलली आणि बायजाच्या भातावर स्वतः पिळली. बायजाने भात कालवून खाल्ला. डोळे पुसले, मग बरणीतली लोणच्याची फोड जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, हे नुसतं मीठ आहे. दोन वर्षं चव कसली बघत होतात तुम्ही?"

योगिनी म्हणाली, "असू दे गं आई," आणि तिने दुसरी फोड घेतली.