गोठ्यातली चूल

माझ्या हातानं मी एक चूल मोडली आहे. चांगली पेटती चूल, वर भाताचा गंज रटरटत होता.

आता आमच्या घरी गॅस आहे. भिंतीत धूर ओढून नेणारा पंखा आहे. तरी फोडणी पडायच्या आत मी उठते आणि खिडक्या सताड उघडते. सून हसते. म्हणते, "आई, थंडीचे दिवस आहेत, आमची कुल्फी करता काय?" होऊ दे कुल्फी. मी खिडकी लावू देत नाही. असं का करते, ते मात्र तिला आजवर सांगितलेलं नाही. सांगताना स्वतःचीच लाज वाटते, दुसरं काही नाही.

माझं लग्न झालं तेव्हा स्वराज्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी चांद्याची. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणत होतो. सातवी पास, मास्तरकीचं ट्रेनिंग झालेली, आणि नाकावर माशी बसू न देणारी. सावली गावाच्या बाजूला, वैनगंगेच्या अंगानं असलेल्या एका धानाच्या गावात मला दिलं. तिथल्याच मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळाली. नवरा आरमोरीकडे लाकडाच्या डेपोत कारकून, पंधरा दिवसांनी घरी यायचा. म्हणजे घरात दोघीच, मी आणि सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या मला, मूड असेल त्याप्रमाणे, पोरी नाहीतर मास्तरीण.

मी शाळेत जायचे, म्हणून रांधायचं काम आत्याबाईंकडे. सून पगार आणते आणि सासू भाकरी थापते, यावर गावात कुजबुज होतीच. आत्याबाईंना तिचं काही नव्हतं. "जिचं जे काम ते तिनं करावं," म्हणायच्या, आणि फुंकणी उचलायच्या.

त्यांचं खरं काम मात्र वेगळंच होतं. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे शेतातल्या बांधीच्या चिखलात धानाचे पऱ्हे, रोपं लावायचे दिवस आले, की आत्याबाईंवाचून गाणं निघत नसे. वीस-पंचवीस बाया ओळीनं वाकून उभ्या राहायच्या, हातात पऱ्ह्यांच्या पेंढ्या, आणि आत्याबाई पहिली ओळ टाकायच्या. आवाज असा, की पलीकडच्या गावच्या बांधीतल्या बाया मान वर करायच्या. दरसाल त्या एक नवं गाणं बांधत, गावातल्या कुणाची तरी गोड टर उडवणारं. ज्याच्यावर गाणं झालं तो माणूस वर्षभर मिरवत असे. मी चांद्याची शहाणी, वरवर म्हणायचे, काय ही बायकांची फालतूगिरी! पण खरं सांगते, माझ्यावर कधी बांधतील याची मी मनातल्या मनात वाट पाहत होते.

आता स्वयंपाकघराचं सांगते. ते होतं कुडाचं. बांबूच्या कामट्या विणून त्याला शेणमाती लिंपलेली, तीही खांद्यापर्यंतच. वरचा भाग नुसत्या कामट्यांचा, उजेड दिसेल असा. वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. धूर कुडातून आणि कवेलूंच्या फटींतून निघून जायचा, आणि सकाळी बाहेरून पाहिलं तर सगळं छप्पर धुमसताना दिसायचं. मला त्याची शिसारी यायची. वरून काजळीचे धागे लोंबायचे आणि नेमके वरणात पडायचे. फटींतून मांजर यायचं, उंदीर यायचे, एकदा तर विंचू आला. मी म्हटलं, हे माणसांचं स्वयंपाकघर आहे की काय आहे!

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, धानाची कापणी संपल्यावर, मी काम काढलं. कुड पाडून आढ्यापर्यंत मातीची भिंत घातली. छपराखाली बांबूच्या तट्ट्या आडव्या बांधल्या आणि त्यांना खालून माती लिंपून गुळगुळीत छत केलं. वर पांढरी माती सारवली. तट्ट्या विणायला आलेला म्हातारा काम थांबवून म्हणाला, "बाई, धूर कुठून जाईल?"

"दारातून जाईल," मी म्हटलं. "दार कशाला असतं?"

त्यानं आत्याबाईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "एका कोपऱ्यात हातभर जागा सोडू दे ना, पोरी."

"आणि उंदीर? काजळी? मग केलं काऊन एवढं?" मी फाडकन बोलले. म्हाताऱ्यानं ती हातभर जागाही बंद केली.

गावातल्या बाया बघायला आल्या. काय ते छत, काय ती भिंत! मी फुलून गेले होते. आणि गंमत ऐका. त्याच महिन्यात मी चौथीच्या मुलींना आरोग्याचा धडा शिकवत होते. घरात हवा खेळती असावी, कोंदट खोलीत राहू नये, धुरानं डोळे आणि छाती बिघडते. पाठ करून घेतलं पोरींकडून. हातात छडी घेऊन. माझ्याच घरात माझी सासू कोंडलेल्या धुरात बसली आहे, हे त्या धड्याशी जोडून पाहायची अक्कल मला झाली नाही.

हिवाळा निभावला, लाकडं वाळलेली होती. उन्हाळ्यात रांधणं अंगणात मांडवाखाली. पावसाळा लागला तेव्हा खरी कथा सुरू झाली. ओलं सरपण, ओल्या गोवऱ्या, बाहेर झड, दार लावलेलं. आत्याबाई खोकायला लागल्या. डोळे लाल. मी विचारायचे, "औषध आणू?" त्या म्हणायच्या, "औषदानं काय होते? धूर हाय तो, जाईल." मी छत्री उचलून शाळेत.

आषाढातला तो दिवस. बाजाराची अर्धी सुट्टी होती. वाटेत एक शेजारीण भेटली आणि खोचकपणे म्हणाली, "मास्तरीणबाई, सासूले गोठ्यात ठेवलं म्हनते? एवढं सुंदर सयपाकघर बांधलं, ते पूजेसाठी हाय काय?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले ती तडक गोठ्यात. गोठा अजून कुडाचाच होता, तिन्ही बाजूंनी वारा खेळायचा. एका कोपऱ्यात आत्याबाईंनी मातीची नवी चूल घातली होती. धूर कामट्यांतून आरामात बाहेर चालला होता. बैल रवंथ करत होते. आणि आत्याबाई भाताखाली जाळ सारत गुणगुणत होत्या. खोकला नाही, काही नाही. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बसायचा पाट माझ्यापुढे सरकवला.

मी बसले नाही.

"हे काय चाललंय?" मी ओरडले. "लोक माझ्या तोंडावर थुंकायचे राहिलेत! सुनेनं सासूला ढोरांत काढलं म्हणतात!"

"अवं, मीच आली, पोरी. तिथी दम कोंडते माहा. इथी बरं वाटते. चार महिने तर हायत..."

"इतका खर्च केला, इतका जीव काढला, आणि तुम्ही शेणात बसून रांधता?"

असं म्हणून मी जळतं लाकूड ओढून फेकलं आणि दुसरं उचलून चुलीवर हाणलं. चार दिवसांची कच्ची चूल, एका फटक्यात बसली. गंज कलंडला. भात शेणात सांडला. आत्याबाईंनी हात भाजत गंज सरळ केला, उरलेला भात झाकला, पदरानं डोळे पुसले आणि गंज उचलून घरात गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळी झाले असते.

त्यानंतर त्या पुन्हा गोठ्यात गेल्या नाहीत. सगळा पावसाळा माझ्या त्या गुळगुळीत छताखाली बसून फुंकणी फुंकत राहिल्या. रोवणा लागला. आत्याबाई बांधीवर गेल्या, जुनीच दोन गाणी म्हटली, तीही मधेच दुसऱ्या बाईवर सोपवत. "यंदा नवं गाणं नाई काय?" बायांनी विचारलं. "यंदा नाई," म्हणाल्या. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, म्हातारपण आलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांना ताप भरला आणि चूल माझ्याकडे आली. पाऊस नुकताच उघडलेला, सरपण अजून सर्द. पहिल्या दिवशी डोळ्यांतून पाणी. दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची पाळी. तिसऱ्या दिवशी भाकरी तव्यावर टाकून मी धडपडत अंगणात पळाले आणि ओकारी येईपर्यंत खोकले. श्वास आत जाईना. आत्याबाई ओसरीवर बाजेवर पडल्या होत्या. त्यांनी पाण्याचा लोटा माझ्याकडे सरकवला. बघत होत्या, पण बघण्यात काहीच नव्हतं, ना राग, ना 'पाहिलंस ना' असं काही. मी तीन दिवस तिथं बसले होते. त्या दहा महिने, मधला उन्हाळा सोडून.

तशीच उठले, लोखंडी सब्बल घेतली आणि छताला घातली. आई गं, काय माती कोसळली! भाकरी गेली, वरण गेलं, मी नखशिखान्त पांढरी. दोन तट्ट्या खाली आल्या तसा कोंडलेला धूर गपकन वर उठला आणि कवेलूंतून बाहेर पडला. मग भिंतीचा वरचा हातभर भागही पाडला. आत्याबाई बाजेवर उठून बसल्या. "अवं, पिसाळली काय? तुहं सयपाकघर बिघडून राह्यलं ना!" म्हणाल्या, आणि हसताना त्यांना अशी उबळ आली की मला पाठ धरावी लागली.

आत्याबाईंचा खोकला काही हटेना. सावलीच्या दवाखान्यातला कंपाउंडर पुढं मला म्हणाला, "बाई, जन्मभर चुलीपाशी बसलेल्या बायका आहेत ह्या. एका वर्षानं असं होत नाही. मनाला लावून घेऊ नका." नवराही तेच म्हणाला. असेल, खरंही असेल. पण जन्मभर चुलीपाशी बसून ती बाई गात होती ना? तिचा आवाज जन्मभराच्या धुरानं नेला नाही. माझ्या एका पावसाळ्यानं नेला. हे मला कुणी समजावू नये.

पुढच्या वर्षी रोवण्याला शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही बांधीवर गेले. बाया ओळीनं उभ्या राहिल्या. कुणी वाकेना. सगळ्या आत्याबाईंकडे बघत होत्या. आत्याबाईंनी पेंढी डाव्या हातात घेतली, मान वर केली आणि सुरुवात केली. अर्धी ओळ निघाली. मग नुसती हवा, आणि मग खोकला. त्या बांधीच्या पाळीवर, काठच्या बांधावर बसल्या. थोड्या वेळानं एक तरणी बाई घाबरत घाबरत दुसरंच गाणं म्हणू लागली. आत्याबाई उठल्या, "हं, हात चालवा बायांनो," म्हणाल्या, आणि सगळ्यांसोबत वाकून मुकाट्यानं पऱ्हे लावत राहिल्या. संध्याकाळपर्यंत.

त्या दिवशी घरी येताना मी वाटेतच त्यांचे पाय धरले. चिखलात. "आत्याबाई, माझं चुकलं. ती चूल मोडायला नको होती मी."

"ऊठ, लुगडं भरते," त्या म्हणाल्या. मग चालता चालता, धापा टाकत, थांबत थांबत बोलल्या, "चुलीचं काई नाई वं. चूल काय, मातीची. पन त्या दिवशी तू आली, तवा मले लय बरं वाटलं होतं. म्या पाट सरकवला तुह्यासाठी."

"काऊन?"

"गानं बांधलं होतं ना, तुह्यावरच. चांद्याची मास्तरीण आन् तिचं सयपाकघर. गोठ्यात दम पुरत होता, म्हनून तिथी बसून म्हनून पाहत होती. म्हटलं, बांधीवर म्हनाच्या आंधी तुलेच आयकवाव. तुले राग तर येनार नाई ना, म्हनून."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "मग आता सांगा ना. नुसतं सांगा, गाऊ नका. मी लिहून घेते."

त्यांनी मान हलवली. "सांगितलं तं त्याचं गानं राहत नाई, पोरी," म्हणाल्या. मग दम लागला म्हणून माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या, आणि जरा वेळानं आम्ही घरी आलो.

त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या. दोन्ही वेळचं मीच रांधलं. ते गाणं मी ऐकलं नाही.