उलटा फेरा

माझ्या सासऱ्यांइतका नटबोल्टात जीव गुंतलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. जन्मभर परळीच्या औष्णिक वीज केंद्रात फिटर होते. निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात. आमचे मामा, सासऱ्यांना मी मामाच म्हणतो, ओसरीवर दोन डबे घेऊन बसले. एकात जाड आट्यांचे बोल्ट, दुसऱ्यात बारीक आट्यांचे. दुपारभर डोळे मिटून आट्यांवरनं नख फिरवायचं आणि त्या किरकिरीत पार हरवून जायचं. चहा समोर निवून जायचा. फाटकाला जाड आटा, कारण "राखंत, धुळीत बी दोन फेऱ्यांत बसतो", सासूबाईंच्या शिलाई मशीनला बारीक, कारण "थरथरीत सुटत न्हाई." माणसांनाही तेच माप. मला बघायला आले तेव्हा म्हणाले, "पोरगा जाड आट्याचा हाय. चालंल." मी ती तारीफ समजलो, काय सांगू!

एकदा माझी बायको सविता रुसून माहेरी गेली ती महिनाभर परतेना. चूक माझीच. तिची शिवणाची खोली मी तिला न विचारता माझ्या भावाला देऊन टाकली होती. आणायला गेलो आणि ओसरीवरनंच ओरडलो, "चल, बॅग भर, गाडी निघेल!" आत धाडकन दार लागलं. आता ही कायमची इथंच राहते की काय!

मामांनी बारीक आट्यांचा नटबोल्ट माझ्या हातात दिला. "बसवा." मी जोर लावला. नट तिरका अडकला.

"जावईबापू, अजून दाबला तर आटेच जातील." त्यांनी नट सोडवला, बोल्टवर टेकवून उलटा फिरवला. टक्. आट्यात आटा बसला. मग एका बोटानं सुलटा; सरसर गेला. "बारीक आटा हाय. आदी उलटं फिरायचं, मगच म्होरं." बंद दाराकडं बघत हळूच म्हणाले, "लई जपून वाढवलीय हो."

मी दाराशी गेलो. "सविता, खोली तुझी होती. चुकलो मी. भावाला आजच सांगतो." बऱ्याच वेळानं कडी निघाली.

आता मामांचे हात कापतात. बारीक नट मी बसवतो, ते डोळे मिटून ऐकतात, टक् झालं की मान हलवतात. परवा टक् झालं तरी मान हलली नाही. "झालं का?" त्यांनी विचारलं. टक् त्यांना ऐकूच आलं नव्हतं. मी नट त्यांच्या बोटांत दिला, वरनं माझा हात धरला आणि पुन्हा उलटा फेरा घेतला.

"हां," ते हसले, "बसला."