टकल्या माणसाच्या खिशातला कंगवा

दवाखान्यातल्या मावशींनी रुमालात बांधलेलं सामान माझ्या हातात दिलं, तेव्हा एक वस्तू त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. घड्याळ, चष्मा, बसचं तिकीट आणि ऑफिसच्या कपाटाची किल्ली रुमालात होती, आणि बाजूला होता एक काळा, रुंद दातांचा कंगवा. "हा दुसऱ्या कुणाचा तरी मिसळला बघा," मावशी म्हणाल्या. "ह्यांना कशाला लागतोय?" मावशींचं काही चुकलं नव्हतं. प्रभाकर पगारेच्या डोक्यावर तिशीतच केस उरले नव्हते. मी नाटकातला माणूस, ऑफिसच्या हौशी मंडळात वीस वर्षं राजाची कामं केलेला, रडण्याचा प्रवेश आला की हमखास रडणारा. पण त्या दिवशी मित्र आत पांढऱ्या चादरीखाली होता आणि मला मात्र खुदकन हसू आलं. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. मी कंगवा उचलला, माझ्या खिशात घातला आणि म्हणालो, "ह्यांचाच आहे. बाकीचं सामान चुकलं तरी चालेल, हा नाही."

याला आता दीड महिना झाला. चार दिवसांचा ताप, तो डोक्यात गेला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी प्रभाकर गेला. ज्याला मी क्वचितच दमलेला पाहिला, त्याला चार दिवसांत दमवणारा हा ताप कसला होता, देव जाणे. प्रभाकर बौद्ध. "देवाला मधे आणू नकोस महाराज," तो मला म्हणालाच असता. ऑफिसात तो मला महाराज म्हणायचा. माझी स्टेजवरची मिशी एकदा राज्याभिषेकातच गळून पडली होती, ती त्यानं पहिल्या रांगेतून पाहिली होती...

आम्ही दोघं जुन्या आग्रा रोडवरच्या एका सरकारी कचेरीत शेजारशेजारच्या टेबलांवर बसत असू. सत्तरच्या दशकात तो सिन्नरजवळच्या एका खेड्यातून नोकरीला लागला, आवक-जावक लिहायला. त्याची बायको सुमनवहिनी परिचारिका. त्यांची ड्यूटी बहुतेक वेळा सकाळी सातची. त्यामुळे सकाळचं घर प्रभाकरच्या ताब्यात. नळाला पाणी पहाटे साडेपाचला, तेही खाली अंगणात, आणि बिऱ्हाड गंगापूर रोडच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर. दोन बादल्या घेऊन हा जिने चढायचा, पाच-सहा खेपा. मग पोळ्या, डबे, आणि मग थोरल्या लेकीच्या, मित्राच्या, दोन वेण्या. त्या वेण्यांसाठी तो कंगवा. वेण्या झाल्या की कंगवा मागच्या खिशात जायचा आणि दिवसभर तिथंच राहायचा. ऑफिसात याची टिंगल व्हायची. साहेबांनी एकदा विचारलं, "पगारे, आठवण म्हणून ठेवलाय का?" प्रभाकर शांतपणे म्हणाला, "साहेब, संध्याकाळपर्यंत एक तरी वेणी सुटते."

धाकटी प्रज्ञा तेव्हा अडीच वर्षांची. तिला सायकलच्या दांडीवरच्या छोट्या सीटवर बसवून तो रोज नाशिकरोडला वहिनींच्या आईकडे सोडायचा, तिथून उलटा ऑफिसला, संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे आम्ही चहा घेऊन खुर्चीत आळस देत असू, तोवर या माणसाची वीसेक किलोमीटर सायकल झालेली असायची. पण आम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यालाही नव्हतं. गाढवाला ओझ्याचं काय कौतुक!

मग एक कागद आला. देवळाली कॅम्पातल्या एका कर्नलसाहेबांनी परदेशातल्या कुठल्याशा शर्यतीविषयी वाचलं होतं आणि तशीच इथं घ्यायची असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. गंगापूर धरणात तीन किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन सायकलवर नाशिकमधून थेट चांदवड गाठायचं, परत नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत यायचं, सायकल टाकायची आणि देवळाली कॅम्पापर्यंत पळायचं. हे सगळं एका दिवसात. सकाळी सातला सुरुवात आणि संध्याकाळी बिगूल वाजून कॅम्पातला झेंडा पूर्ण खाली येईपर्यंत पोचला तर पोचला. जवानांसाठी होतं, पण शहरातल्या कुणीही यावं असं लिहिलेलं होतं. मी तो कागद मधल्या सुट्टीत राजाच्या आवाजात वाचून दाखवला. सगळे हसले. प्रभाकरनं कागद घेतला, घडी घातली, कंगव्याशेजारी ठेवला.

"अरे, वेडा का काय तू? अडतीस वर्षांचा घोडा!"

"महाराज," तो म्हणाला, "रोजची सगळी कामं करून माझ्यात उरतं किती, ते एकदा बघायचंय."

हे वाक्य तेव्हा मला विनोदी वाटलं होतं. आता वाटत नाही.

सुमनवहिनींनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, मोरीची जाळी तुंबलीये आठ दिवस. आधी तिथलं पाणी काढा, मग धरणात उतरा!" त्यानं जाळी साफ केली आणि तयारीला लागला. सराव म्हणजे काय, तर होती तीच कामं. बादल्या घेऊन जिना चढायचा तो पळत चढू लागला. रविवारी गावाहून बाजरीचं पोतं एसटीच्या टपावर न टाकता सायकलच्या कॅरिअरला बांधून आणू लागला. शनिवारी दुपारी घरातल्या गोधड्या आणि दोन्ही मुली घेऊन आनंदवलीजवळ नदीवर जायचा. गोधड्या खडकावर वाळत टाकायच्या आणि हा डोहात. मित्रा चौथीत, तिची स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर आलेली. ती काठावर बसून पाढे म्हणायची. बापानं डोह एकदा पार केला की एक पाढा पूर्ण. सुरुवातीला अकराच्या पाढ्यालाच त्याला धाप लागायची. जानेवारीत पोरगी एकोणतिसाच्या पाढ्यावर पोचली आणि तो पाण्यातून ओरडला, "तिसाचा सोपाय, पुढचा म्हण!" मी काठावर गोधडीवर पडून भुईमुगाच्या शेंगा खात असे. माझं पद प्रशिक्षकाचं होतं.

आणि मग कळलं, की शर्यत आणि स्कॉलरशिपचा पेपर एकाच रविवारी. पेपर साडेदहाला, वहिनींची सकाळची ड्यूटी, प्रज्ञा आजीकडे. शेजारच्या काकू वेण्या घालायला तयार होत्या, पण मित्रा हटून बसली. "बाबांनी घातल्या तरच मला पेपर सोपा जातो." आता अशा वेळी शहाणा बाप पोरीची समजूत काढतो. या माणसानं गणित मांडलं. धरणातून साडेआठपर्यंत बाहेर, रस्ता आपल्या फाटकावरूनच जातो, म्हणजे नऊ-सव्वानऊला मी तिथं. "महाराज, तू तिला स्टुलावर बसवून फाटकापाशी तयार ठेव. तेल, कंगवा, फिती. मग स्कूटरवरून तिला परीक्षेला सोड. जमेल?" मी छातीवर हात ठेवून मान लववली. अशी जबाबदारी मला रंगभूमीनंही कधी दिली नव्हती.

रविवारी सव्वानऊला तो आला. ओली चड्डी, अंगावर बनियन, ओठ थंडीनं जांभळे, आणि सायकलच्या दांडीवर प्रज्ञाची रिकामी सीट तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बसवावी लागली असती ना! त्या सीटमध्ये भाकरीचं फडकं आणि पाण्याची बाटली. दंडावर लाल कापडी पट्टी गुंडाळलेली. पोहून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला जवानांनी ती बांधली होती. चांदवडला पिवळी मिळणार होती. दोन्ही दाखवल्याशिवाय वहीत नाव लागणार नव्हतं, हे कर्नलसाहेबांनी सकाळीच सगळ्यांना खडसावून सांगितलं होतं.

सायकल फाटकाला टेकवून तो पोरीच्या मागं उभा राहिला. बोटं इतकी गारठली होती, की पेडच धरता येत नव्हते. रोज चार मिनिटांत दोन वेण्या घालणारा माणूस, पण त्या दिवशी पहिलीच वेणी दोनदा सुटली. रस्त्यावरून एकेक सायकल सूं करत पुढं चालली होती. मी घड्याळाकडे बघून नाचत होतो. मित्राही चुळबुळायला लागली. "बाबा, तुमचा नंबर जाईल ना..." तर हा तिच्या डोक्यावर तळवा ठेवून म्हणाला, "हलू नकोस. घाई नाही." घाई नाही! जगातल्या सगळ्या माणसांपैकी त्या क्षणी त्याला घाई नव्हती! तेवढ्यात कर्नलसाहेबांची जीप करकचून थांबली.

"क्या हुआ? पंक्चर?"

"नहीं साब," प्रभाकर मान वर न करता म्हणाला, "वेणी."

साहेबांनी डोळे बारीक करून ते दृश्य पाहिलं आणि जीप निघून गेली. प्रभाकरनं माझ्यापुढं हात केला. "फिती."

इथं मला एक कबुली द्यायची आहे. ही गोष्ट मी गेली सात वर्षं लग्नांत, सहलींत, पानाच्या ठेल्यावर सांगत आलोय, आणि दर वेळी या ठिकाणी वाऱ्याची एक झुळूक येते आणि फिती उडवून नेते. ती झुळूक खोटी आहे. फिती मी विसरलो होतो. वर तिसऱ्या मजल्यावर, कुलपाच्या आत, शिवणयंत्रावर. आणि किल्ली वहिनींकडे. घरातून निघताना दार मीच ओढून घेतलं होतं, मोठ्या ऐटीत. मित्राच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शाळेच्या बाईंनी बजावलं होतं, पूर्ण गणवेश, लाल फिती... मी उगाच दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

प्रभाकरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दंडावरची लाल पट्टी सोडली, दातांत धरली आणि टर्रकन उभी फाडली.

"अरे, पट्टी! तुझं नाव..."

"आधी हिचा पेपर," तो म्हणाला. दोन्ही वेण्यांना फुलं बांधली, गाठी ओढून पाहिल्या आणि सायकलवर टांग मारली. नऊ मिनिटं गेली होती. मी मोजली होती, तेवढं एकच काम मी त्या सकाळी चोख केलं.

मित्राला सोडून मी स्कूटरवरून त्याला गाठला, तो थेट चांदवडच्या अलीकडे. कांद्याच्या गाड्यांच्या रांगेतून त्याचं टक्कल चकाकत होतं. रस्त्याकडेचा एक शेतकरी ती रिकामी सीट पाहून घाबराघुबरा ओरडत होता, "ओ भाऊ! पोरगं कुठं सांडलं का काय? सीट रिकामी हाय तुमची!" प्रभाकर हसला आणि हसता हसता चढ चढला. मी स्कूटरवर बसून दमलो होतो. त्याच्याकडे बघताना मला पहिल्यांदाच वाटलं, की हा आपल्या शेजारच्या टेबलावरचा माणूस नव्हेच. हा कुणीतरी वेगळाच आहे आणि आपण इतकी वर्षं त्याला चहाला चला म्हणत होतो.

संध्याकाळी कॅम्पात मी, वहिनी आणि दोन्ही मुली झेंड्याच्या खांबापाशी उभे होतो. एकेक जण येऊन गेला होता. प्रभाकरचा पत्ता नव्हता. ऊन खांबावरून उतरू लागलं तसा मी बिगूलवाल्या जवानाजवळ गेलो आणि त्याच्या गावाची, शेतीची, म्हशींची चौकशी सुरू केली. म्हटलं, बोलण्यात गुंगवावं. त्यानं बिगूल ओठाला लावला आणि माझ्याच कानात वाजवला. झेंडा सावकाश खाली येऊ लागला. वहिनी, ज्या चार महिने "उतरा धरणात" म्हणून टोमणे मारत होत्या, त्या एकदम साडीचा पदर खोचून रस्त्यावर धावल्या. "अहो, चला! चला ना! आले बघा, आलात!" वळणावर तो दिसला. पळणं म्हणता येणार नाही असं पळत, एका कुशीवर हात दाबून. झेंडा अर्ध्यावर असताना त्यानं चुन्याची रेघ ओलांडली. पोचलेल्यांत सगळ्यांत शेवटचा.

साहेब वही घेऊन बसले होते. पिवळी पट्टी दाखवली. "और लाल?" प्रभाकरनं माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं, ते त्यानं केलं नाही. "हवा में उड़ गई साब," असं पुटपुटला... ती वाऱ्याची झुळूक पहिल्यांदा त्याची होती, माझ्यासाठी. तेवढ्यात मित्रा पुढं झाली आणि स्वतःच्या वेणीची गाठ ओढू लागली. "ही घ्या. ही बाबांची आहे." प्रभाकरनं तिचा हात धरला. "राहू दे. छान बसल्यात. सोडू नकोस." नाव जात होतं आणि हा वेण्यांचं बघत होता!

मी नाटकवाला. मला वाटलं, आता साहेब उठून कडक सलाम ठोकणार. तसलं काही झालं नाही. त्यांनी चष्मा पुसला, वाकून दोन्ही वेण्यांवरच्या गाठी पाहिल्या, अगदी तोफ तपासावी तशा, आणि विचारलं, "ये गाँठ तुमने बाँधी?"

"हाँ साब."

"अच्छी है. खुलेगी नहीं." आणि वहीत नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला नळाला पाणी आलं आणि त्यानं ते भरलं. किती उरलं होतं रे, मी ऑफिसात विचारलं. "बादल्यांपुरतं," तो म्हणाला आणि आवक रजिस्टर उघडलं.

परवा, त्याच्या जलदानविधीनंतर बऱ्याच दिवसांनी, मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. कंगवा माझ्या खिशातच राहिला होता, तो द्यायचा होता. सायकल जिन्याखाली होती, दांडीवरची सीट अजून तशीच. वहिनी ड्यूटीला गेल्या होत्या, म्हणजे घर मुलींच्या ताब्यात. मित्रा आता कॉलेजात जाते, आणि प्रज्ञा आहे चौथीत. मी कंगवा पुढं केला. मित्रानं तो घेतला, अंगठ्यानं दात पुसले आणि प्रज्ञाला स्टुलावर बसवलं. मी सवयीनं घड्याळ पाहिलं. खाली प्रज्ञाच्या मैत्रिणी हाका मारत होत्या, तिच्या शाळेची वेळ झाली होती, मित्राचंही कॉलेज होतं, गॅसवर दूध वर येत होतं. प्रज्ञा चुळबुळायला लागली. "ताई, आवर ना, उशीर होतोय..."

मित्रानं तिच्या डोक्यावर तळवा ठेवला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "घाई नाही."

मी उठून दूध खाली उतरवलं.