डिचोली जंक्शनचे यशवंतबाब

यशवंतबाबांच्या घरी पाणी आधी हातांवर मिळायचं, मग प्यायला. तुम्ही नगरसेवक असा की व्याही, दारात चपला काढल्या की ते साबण आणि तुवालो घेऊन पुढे हजर. हात धुऊन झाले की बोटं उलटीसुलटी करून तपासायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, माणूस भलताच सोवळ्यातला दिसतो. शेजारी राहायला आलोय तर आता जन्मभर हे सोसावं लागणार. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि उलगडा झाला. तिथं बसायला एक कदेल होती, बाकी सगळी रेल्वे.

"पळय बाब," ते म्हणाले, "वीज रुळातून जाते. रुळातून चाकात, चाकातून मोटरीत. बोटाचा तेलकटपणा रुळाला लागला की गाडी तिथंच अडली. माणसाच्या बोटाइतका रेल्वेला दुसरा वैरी नाही." एवढं बोलून त्यांनी मला त्या एकमेव कदेलीवर बसवलं आणि स्वतः गुडघे टेकून, स्पिरिटात बुडवलेल्या फडक्याने रूळ पुसायला लागले. फडकं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायचं. लग्नात शेजारी बसले तरी दवाखान्याचा वास यायचा.

आमच्या डिचोली शहरात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर थिवीला जा, नाहीतर पेडण्याला. ही उणीव यशवंतबाबांनी स्वतःच्या हॉलमध्ये भरून काढली होती. जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, डिचोली जंक्शन, टीव्हीमागून बोगदा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सर्वण हॉल्ट. आयुष्यभर त्यांनी खाणीच्या ऑफिसात खनिजाचे हिशेब लिहिले. खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदारी गंजत उभे राहिले, पुढाऱ्यांनी दर निवडणुकीला खाणी पुन्हा सुरू केल्या. पण खरं सांगायचं तर त्या काळात आमच्या तालुक्यात एकच खाण चालू होती, ती यशवंतबाबांच्या हॉलमध्ये. रस्त्याच्या कडेची तांबडी खडी कुटून ते मालगाडीच्या आगपेटीएवढ्या वाघिणींत भरायचे, सर्वणहून जंक्शनला न्यायचे आणि ओतायचे. मग तीच खडी परत सर्वणला. सरकारलाही एवढी अखंड खाण कधी चालवता आली नाही.

अर्थात गाडी चालण्याचे दिवस थोडे आणि दुरुस्तीचे फार. "गाडी कोणीही चालवील, तिला सुधारायला जन्म जातो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. वाघीण हलकी म्हणून वळणावर उलटते, तर मासे गरवायच्या दोरीचं शिसं तिच्या पोटात चिकटव. आकडा सुटतो, तर कानस घेऊन तो घास. नवीकोरी वाघीण पार्सलने आली की तिला तांबूस रंग फासून गंजकी करायची, कारण खनिजाची वाघीण चकचकीत असूच शकत नाही. हे बघून त्यांच्या पत्नीचं, कुमुदवहिनींचं, डोकं फिरायचं. "घरातल्या पितळेला कळा नाही म्हणून सांगते, तर वेळ नाही. आणि नव्या डब्याला गंज लावत बसायला वेळ आहे. घरात सवत आणलीत ती आणलीत, वर रोज तिला न्हाऊ घालता." यशवंतबाब मान वर न करता म्हणायचे, "हळू बोल, सर्वणहून गाडी सुटलीय."

वहिनींना केर काढायचा असला की त्या म्हणायच्या, "सर्वण उचला." मग सर्वण उचललं जायचं. चतुर्थीला तर आख्खी रेल्वेच खोक्यांत भरून माळ्यावर जायची, कारण गणपती बसायचा तो ह्याच हॉलमध्ये. ते दिवस यशवंतबाब चुकल्यासारखे घरभर फिरत असायचे. नेवऱ्या खायचे, पण चव लागत नसे.

ह्या माणसाला आयुष्यात फक्त एका माणसाकडून शाबासकी हवी होती, आणि नेमकी ती मिळण्यातली नव्हती. वहिनींचे थोरले भाऊ गजाननबाब वास्कोला असायचे. खऱ्याखुऱ्या मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा, की पाव विकणारा पोदेरसुद्धा सायकलचा भोंगा वाजवायचा थांबेल. आले की कमरेवर हात ठेवून जंक्शनाकडे बघत म्हणायचे, "यशवंता, माझ्या इंजिनाच्या चाकाखाली तुझं हे डिचोली आलं असतं ना, तर मला कळलंही नसतं. बरं खेळणं आहे." त्या 'खेळणं' शब्दाने यशवंतबाबांचं चार दिवस जेवण जायचं. बरं, गाडीही अशी मानी, की गजाननबाब समोर असले की हमखास घसरायची.

त्या वर्षी श्रावणात वहिनींनी आपण होऊन सांगितलं, "यंदा खोकी भरू नका. गणपतीच्या भोवतीनंच फिरू दे तुमची गाडी. दादा येणार आहे." आम्ही शेजारी चाटच पडलो. यशवंतबाबांनी तर माझा हातच धरला. "एक फेरी बाब. गजाननबाबांसमोर एक आख्खी फेरी, न अडता. मग मी देवाकडे काही मागणार नाही." त्यानंतर महिनाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. प्रत्येक सांधा घासला, प्रत्येक चाक पुसलं. गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधताना मला बजावलं, "कांगलां त्या बाजूला बांध. पिकून रुळावर पडली तर घात होईल."

चतुर्थीला आरती झाली, भटजी पुढच्या घरी गेले. गजाननबाब कदेलीवर ऐसपैस बसले. "हां, काढ तुझी गाडी." घर माणसांनी भरलेलं. यशवंतबाब शेवटचे हात धुवायला मागीलदारी गेले, आणि तेवढ्यात वहिनी तबक घेऊन आल्या. नवी शेवंती माळलेली, चेहरा उजळलेला. त्यांनी इंजिनाला हळद-कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. ओवाळलं. मग, गाडीची पूजा झाली तशी वाटेचीही व्हायला हवी म्हणून, पाण्यात कालवलेलं कुंकू दोन्ही रुळांवर बोटाने लांबवर माखलं. कुंकवात गाडी अडणार हे मला कळत होतं. पण भरल्या घरात, देवासमोर, सवाष्णीला कुंकू लावू नका म्हणून कोण सांगणार?

यशवंतबाब ओले हात झटकत आले आणि त्यांनी रूळ बघितले. "मी पूजा केलीय हो," वहिनी म्हणाल्या. "आता नीट जाईल." यशवंतबाबांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, फडक्याचं टोक बाहेर दिसलं, आणि तिथंच थांबला. त्यांनी फडकं परत आत सारलं. बटण फिरवलं. इंजिन वीतभर गेलं, कुंकवापाशी आलं, एकदा कुरकुरलं आणि उभं राहिलं.

"सिग्नल मिळाला नाही वाटतं," गजाननबाब म्हणाले आणि घर हसलं. वहिनींचा चेहरा उतरला. यशवंतबाब घाईघाईने म्हणाले, "मोटर जळली. परवापासूनच वास येत होता, माझंच लक्ष नाही. चला, पानं वाढा." मोटर जळली नव्हती. सकाळी मी स्वतः त्यांच्याबरोबर ती तपासली होती. गजाननबाबांनी जेवताना, हात धुताना आणि निघताना 'खेळणं' हा शब्द यथेच्छ वापरला.

संध्याकाळी बलकावात, म्हणजे पुढच्या व्हरांड्यात, मी यशवंतबाबांना गाठलं. मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. "खिशात फडकं होतं. एक हात मारला असता तर गाडी पळाली असती. महिनाभर मरमर मेलात ती कशासाठी?"

"आणि तिला काय सांगू? तुझ्या कुंकवानं अडते म्हणून पुसलं?" ते म्हणाले. "इतकी वर्षं ती हिला सवत म्हणत आली. आज ओवाळलंन. सवतीला कोण ओवाळतं, बाब?"

मी शेंगदाणे खात बसलो.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. दुसऱ्या सकाळी माटोळी सोडवायला गेलो तर यशवंतबाब गुडघ्यांवर बसून रूळ पुसत होते. वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांची नजर फडक्यावर गेली. फडकं लालभडक झालं होतं. त्यांनी फडक्याकडे बघितलं, रुळाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. इतकी वर्षं 'बोटं धुवा' ऐकलेली बाई, तिला समजायला कितीसा वेळ लागणार?

"म्हणजे मोटर धड होती," त्या म्हणाल्या. "दादा एवढा बोलला, आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"त्याचा आवाजच मोठा," यशवंतबाब म्हणाले आणि बटण फिरवलं. गाडी जंक्शनावरून निघाली, बोगद्यात शिरली, सर्वण घेऊन परत आली. कुठंही अडली नाही. वहिनी मोकळ्या हाताने पदर डोळ्यांना लावत उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "हळू चालवा की. आत माणसं असतील." वाघिणींत खडी असते हे सांगायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही.

मग त्यांनी वास्कोला फोन लावला. "दादा, गाडी चालली. त्या दिवशी माझ्या कुंकवामुळं अडली होती. त्यांनी माझ्यासाठी सांगितलं नाही." पलीकडून गजाननबाबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खाली, "व्हिडिओ पाठव, बघतो."

"व्हिडिओ नाही," यशवंतबाब रुळावरची नजर न काढता म्हणाले. "त्याला म्हणावं, ये आणि बघ. आणि तिकीट काढून ये. रेल्वेचा पास इथं चालत नाही."

दिवाळीला गजाननबाब आले. दारात यशवंतबाब साबण आणि तुवालो घेऊन उभे होते. गजाननबाबांनी, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, कोपरापर्यंत हात धुतले, बोटं पुढे केली आणि विचारलं, "आता मी चालवू?"