शर्यतीचा आकडा कुठे काढायचा

शंभर किलोमीटरची शर्यत पुरी केलेल्या नर्सबाई टॅटूवाल्याच्या खुर्चीत मात्र घामाघूम झाल्या होत्या. कोपराच्या आतल्या बाजूला ‘१००’चा गोंदण्याआधीचा, पुसता येणारा निळा छाप उमटला होता. मशीन घरघरत जवळ आलं, तशी बाईंनी झटकन हात ओढून घेतला.

“घाबरलात?”

“वीस वर्षं सुया टोचतेय मी, मला काय विचारतोस!” बाई उसळल्या. “इथेच तर शीर सापडते. सकाळीच एका आजोबांना चार वेळा टोचलं, तरी सापडेना. उद्या मी आडवी पडले, तर रक्त काढणाऱ्या पोरीने काय शाईत शीर शोधत बसायचं?”

“मग कुठे काढू?”

बाईंनी पँट गुडघ्यापर्यंत सरकवली. “पोटरीवर काढ. धावली ती. हात नुसता घड्याळ बघत होता!”